नव्या कोंबडीस तीन आठवडे वेगळे खुराडे

परसात दहापाच कोंबड्या बाळगणे हा शेतीचा फार जुना जोडधंदा आहे. त्यास भांडवल थोडे लागते, जागा थोडी लागते, आणि खळ्यावर सांडलेले दाणे, उकिरड्यावरील किडे व घरातील खरकटे यांवर त्याचा बराचसा निर्वाह होतो. देशी कोंबडी वर्षाकाठी पन्नाससाठच अंडी देते हे खरे. परंतु तिच्यासाठी पदरचे फारसे खर्चावे लागत नाही, आणि त्यातून येणारा पैसा बहुधा घरातील स्त्रीच्या हाती राहतो. मुलांच्या वह्या, दुखण्याखुपण्याचे औषध, अचानक आलेल्या पाहुण्याचा पाहुणचार, इतकेच काय, बी-बियाण्याच्या दिवसांतील किरकोळ नड ही या कोंबड्यांवरच भागते. म्हणून परसातील कोंबड्या चार दिवसांत मरून पडल्या, तर तो संसाराच्या गाठीस बसलेला धक्का होय. ती रक्कम कोणत्याही हिशेबवहीत दिसत नाही एवढ्यावरून ते नुकसान लहान ठरत नाही.

अशी मर आली की गावात सामान्यतः ‘हवा फिरली’, ‘साथ आली’ असे म्हटले जाते. या शब्दांत एक प्रकारची शरणागती आहे. जे हवेने आले त्यास कोणी काय करावे, असा त्याचा अर्थ होतो. परंतु मर येण्यापूर्वीच्या दोनतीन आठवड्यांत त्या घरी काय घडले याची विचारपूस केली, तर पुष्कळ वेळा एक गोष्ट निघते, ती ही की, बाहेरून नवी कोंबडी आली होती. आठवड्याच्या बाजारातून स्वस्तात मिळालेला कोंबडा, लेकीने माहेराहून आणलेली तलंग, वाट्याने पाळावयास घेतलेली खुडूक कोंबडी, जत्रेत नवसासाठी नेऊन परत आणलेला पक्षी, अथवा एखाद्या योजनेतून मिळालेली सुधारित जातीची पिले, यांपैकी काहीतरी त्या घराच्या उंबऱ्याआत आलेले असते. ज्या पाटीतून कोंबडी आली, त्याच पाटीतून रोगही आला. रानपक्षी, कावळे, पाहुण्यांच्या चपला, खाद्याची पोती व विक्रेत्यांची खुराडी यांमुळेही रोग पसरतो, हे नाकारण्याचे कारण नाही. तथापि परसातील कोंबडीपालनात रोगाची जी वाट पालकाच्या स्वतःच्या हातची आहे व जी बंद करण्यास जवळजवळ काहीच खर्च येत नाही, ती हीच होय.

निरोगी दिसणारा पक्षी

बाजारात कोंबडी घेताना शेतकरी ती पारखून घेतो. तुरा लाल आहे, डोळे तकतकीत आहेत, पिसे चमकदार आहेत, छातीचे हाड टोचत नाही व शेपटीखालची पिसे विष्ठेने माखलेली नाहीत, एवढे पाहिले की माल चांगला असे तो समजतो. ही पारख करावीच. पण ती पुरेशी नाही. याची कारणे दोन आहेत.

पहिले कारण असे की, रोगाचा शिरकाव झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत काही काळ जातो. मानमोडी अथवा रानीखेत या रोगात हा काळ बहुधा पाचसहा दिवसांचा असतो. मात्र तो दोन दिवसांइतका थोडा किंवा पंधरा दिवसांइतका लांबही असू शकतो. अशी कोंबडी बाजाराच्या दिवशी दाणे टिपत असते, घरी आल्यावरही दोनचार दिवस टिपते, आणि तोवर तिची विष्ठा व नाकातोंडाचा स्राव पाण्याच्या भांड्यात मिसळून सर्व कळपास पोहोचलेला असतो.

दुसरे कारण अधिक फसवे आहे. काही पक्षी रोगातून उठतात, धष्टपुष्ट होतात, अंडीही देतात. पण रोगजंतू त्यांच्या शरीरातून जात नाहीत. जुनाट श्वसनरोग व कोंबड्यांची संसर्गजन्य सर्दी यांत असे वाहक पक्षी पुष्कळ असतात. पिलांना पांढरी हगवण लावणारे जंतू तर बऱ्या झालेल्या कोंबडीच्या अंडाशयात राहतात, व तिच्या अंड्यांतून थेट पिलांपर्यंत जातात. अशी कोंबडी स्वतः कधीच आजारी दिसत नाही. आजारी पडतात ती तिच्या शेजारची.

येथे आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. धोका नव्यापासून जुन्यास असतो, तसाच जुन्यापासून नव्यासही असतो. अंगणातील जुन्या कोंबड्यांच्या आतड्यांत रक्ती हगवणीचे सूक्ष्म परजीवी असतात, परंतु सवयीने त्या कोंबड्यांत त्यांना तोंड देण्याची शक्ती आलेली असते. उबवणी केंद्रातून आलेल्या कोवळ्या पिलांस ती नसते. पिले आणून त्याच दिवशी अंगणात सोडली व आठवड्याभरात रक्ताळ विष्ठा टाकून ती मेली, म्हणजे ‘सरकारी पिले नाजूक असतात’ असा बोल लागतो. पिले नाजूक असतात हे खरे, पण त्यांस सोडण्याची घाई झाली हेही तितकेच खरे.

मानमोडीचा धडा

या रोगाची हकीकत उद्बोधक आहे. १९२६ साली जावा बेटात व इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे कोंबड्यांचा एक भयंकर साथरोग प्रथम नोंदला गेला. पाठोपाठ १९२७ साली कुमाऊँच्या डोंगरातील रानीखेत येथे तो आढळला व आपल्या देशात त्या गावाचेच नाव त्यास पडले. मान वाकडी होते, पंख व पाय लुळे पडतात, हिरवट पातळ विष्ठा होते, तोंड उघडे टाकून कोंबडी श्वास घेते. लस न टोचलेल्या कळपात शंभरांपैकी नव्वदांवर पक्षीही दगावू शकतात. यावर औषध नाही. परंतु कुमाऊँतीलच मुक्तेश्वर येथील संशोधन संस्थेत १९४० नंतरच्या दशकात यावरील लस सिद्ध झाली, आणि मुक्तेश्वर वाणाची ती लस आजही वापरात आहे. ज्या रोगास औषध नाही, त्यास लस आहे आणि प्रतिबंध आहे. तरीही गावोगावी कोंबड्या मरतात, याचे कारण ज्ञानाचा अभाव हे फारसे नसून उपाय अर्ध्यावर सोडण्याची सवय हे आहे.

बर्ड फ्लूने तर हा धडा फार मोठ्या किमतीस शिकविला. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे हा रोग देशात प्रथम आढळला, तेव्हा रोग रोखण्यासाठी लाखो पक्षी नष्ट करावे लागले. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंबा येथे तो पुन्हा आढळला. अशा वेळी मोठ्या शेडमधील कोंबडी व परसातील कोंबडी असा भेद करता येत नाही. रोग ज्या टापूत आढळेल, त्या टापूतील गरिबाच्या चार कोंबड्याही जातात.

वेगळे ठेवण्याची रीत नवी नाही

नवागतास काही दिवस वेगळे ठेवावे ही कल्पना ग्रामीण समाजास परकी नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्लेगची साथ आली, त्या वेळी गाव सोडून रानात झोपड्या घालून राहिल्याच्या आठवणी कित्येक घराण्यांत सांगितल्या जातात. २०२० साली मुंबई-पुण्याहून परतलेल्या आपल्याच मुलाबाळांस गावांनी जिल्हा परिषदेच्या शाळेत चौदा दिवस राहावयास लावले. त्यांत राग नव्हता, दुरावा नव्हता. घरातील वडीलधाऱ्यांची काळजी होती. जो विवेक गावाने माणसांच्या बाबतीत दाखविला, तोच कोंबड्यांच्या बाबतीत दाखविणे मुळीच अवघड नाही.

ही मुदत किती असावी, याविषयी निरनिराळी मते आढळतात. आठ दिवस पुरेत असे म्हणणारे पुष्कळ आहेत. परंतु मानमोडीचा छुपा काळ पंधरा दिवसांपर्यंत जाऊ शकतो, जुनाट श्वसनरोगास लक्षणे दाखविण्यास तीन आठवडेही लागतात, आणि जागतिक पशु आरोग्य संघटनेनेही रानीखेत रोगासाठी एकवीस दिवसांचा काळ हिशेबात धरला आहे. तेव्हा तीन आठवडे ही मुदत किमान समजावी. ज्यांना जमेल त्यांनी एक महिना ठेवावी.

वेगळे ठेवणे म्हणजे काय

अंगणाच्या कोपऱ्यात नवी कोंबडी डालग्याखाली झाकून ठेवणे म्हणजे वेगळे ठेवणे नव्हे. डालग्याच्या फटींतून जुन्या कोंबड्या दाणे टिपतात, विष्ठा उकरतात, एकच पाणी पितात. वेगळे खुराडे जुन्या खुराड्यापासून निदान तीसचाळीस फूट दूर असावे, वाऱ्याच्या खालच्या अंगास असावे, व त्यातील पाणी वा घाण जुन्या कोंबड्यांच्या फिरण्याच्या जागेकडे वाहून येऊ नये. बांबूच्या कामट्या अथवा जुनी जाळी यांचे खुराडे, वर पाचटाचे किंवा पत्र्याचे छप्पर आणि खाली कोरडा भुसा एवढ्याने काम भागते. घराच्या मागील पडवी, रिकामा गोठा अथवा मळ्यातील खोपटही चालेल.

खाद्याचे व पाण्याचे भांडे निराळे असावे. झाडणीही निराळी असावी. दररोज प्रथम जुन्या कोंबड्यांचे दाणापाणी उरकावे आणि मगच नव्यांकडे जावे; उलट क्रमाने कधीही जाऊ नये. नव्यांचे काम संपल्यावर हातपाय साबणाने धुवावेत व चपला झाडून धुवाव्यात. मुलांना हा नियम विशेष समजावून द्यावा, कारण नवी कोंबडी पाहण्याचा उत्साह मुलांनाच अधिक असतो, आणि मुलांचे पाय दोन्ही खुराड्यांत फिरतात.

एकवीस दिवसांचा कार्यक्रम

पहिला आठवडा विश्रांतीचा व निरीक्षणाचा असावा. प्रवासाने शिणलेल्या पक्ष्यास आल्याबरोबर गूळ घातलेले स्वच्छ पाणी द्यावे, नंतर दाणे. रोज सकाळी विष्ठेचा रंग, खाण्याची भूक, नाकाडोळ्यांतील स्राव व श्वासाचा आवाज पाहावा. रात्री सामसूम झाल्यावर खुराड्याजवळ कान दिल्यास घरघर चटकन ऐकू येते. पंखाखाली व शेपटीच्या मुळाशी उवा आहेत काय, पायांवरील खवले उचललेले व खडबडीत आहेत काय, हेही याच आठवड्यात पाहावे. कोरडी माती व चाळलेली राख यांचा खड्डा करून दिल्यास कोंबड्या आपण होऊन धूळस्नान करतात व उवा कमी होतात. उपद्रव अधिक असल्यास पशुवैद्यकीय दवाखान्यातून योग्य औषध घ्यावे. शेतातील कीटकनाशक कोंबडीच्या अंगास लावणे घातक आहे.

दुसऱ्या आठवड्यात पक्षी धडधाकट असल्याची खात्री झाल्यावर पशुवैद्यकाच्या सल्ल्याने जंताचे औषध द्यावे व लस द्यावी. लहान पिलांस पहिल्या आठवड्यात डोळ्यांत वा नाकात थेंब घालून मानमोडीची सौम्य लस देतात आणि चौथ्या आठवड्याच्या सुमारास ती पुन्हा देतात. मुक्तेश्वर वाणाची टोचण्याची लस आठव्या आठवड्याच्या सुमारास द्यावी, त्याहून कोवळ्या पिलांस ती देऊ नये. आजारी पक्ष्यास लस देऊ नये. लस दिल्याबरोबर संरक्षण मिळत नाही, त्यास एकदोन आठवडे लागतात. यावरून लस टोचून त्याच सायंकाळी नवी कोंबडी कळपात सोडणे किती व्यर्थ आहे, हे ध्यानात येईल. जुन्या कोंबड्यांनाही लस दिलेली असली पाहिजे हे सांगणे नकोच.

तिसऱ्या आठवड्यात एक साधी परीक्षा करावी. जुन्या कळपातील एक कमी मोलाचा पक्षी, उदाहरणार्थ विकावयाचाच असलेला कोंबडा, नव्यांच्या खुराड्यात ठेवावा. नव्या पक्ष्यांत एखादा छुपा वाहक असेल, तर रोग या एकट्या पक्ष्यास होण्याचा संभव असतो व बाकीचा कळप वाचतो. आठवडाभर तो कोंबडा ठणठणीत राहिला, म्हणजे मीलनास हरकत नाही. एक कोंबडा पणास लावणे हे सर्व कळप पणास लावण्याहून केव्हाही शहाणपणाचे.

मीलन सायंकाळी करावे. अंधार पडल्यावर नवे पक्षी जुन्यांच्या शेजारी आढ्यावर बसविले, तर सकाळी भांडणे कमी होतात. दाण्यापाण्याची भांडी दोनतीन ठिकाणी मांडावीत, म्हणजे दुबळा पक्षी उपाशी राहत नाही. एकवीस दिवसांच्या आत एखादा नवा पक्षी आजारी पडला, तर मुदत त्या दिवसापासून पुन्हा मोजावी.

आक्षेप व त्यांचे उत्तर

यावर घेतले जाणारे आक्षेप खोटे नाहीत. घराभोवती जागा नाही, दोन कोंबड्यांसाठी एवढा खटाटोप कोण करणार, शेजाऱ्याच्या कोंबड्या तर येऊन मिसळतातच, असे म्हटले जाते. जागेची अडचण असल्यास मोठी कोंबडी विकत न आणता खात्रीच्या कळपातील उबवणीची अंडी आणून घरच्या खुडूक कोंबडीखाली बसविणे हा उत्तम मार्ग आहे. अंड्यांतून येणारे रोग थोडे आहेत, आणि म्हणून ‘खात्रीचा कळप’ या शब्दांना महत्त्व आहे. खटाटोपाविषयी म्हणावयाचे तर तीन आठवडे रोज दोन वेळा वेगळे दाणे टाकणे एवढाच तो आहे. म्हैस विकत आणली तर तिला शेजारच्या गोठ्यात बांधून तिचे दूध, तिची चाल, तिचा स्वभाव पाहणारा शेतकरी कोंबडीच्या बाबतीत मात्र घाई करतो. कारण कोंबडीची किंमत तो एकीची धरतो, कळपाची धरीत नाही.

शेजाऱ्याच्या कोंबड्यांचा आक्षेप सर्वांत खरा आहे. त्यास एका घराचे उत्तर पुरे पडत नाही, गावाचेच उत्तर हवे.

पडती कोंबडी विकू नये

येथे एक अप्रिय गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. घरी एकदोन कोंबड्या मान टाकू लागल्या की उरलेल्या ‘पडण्याआधी’ बाजारी काढण्याची रीत पुष्कळ ठिकाणी आहे. हातचे चार पैसे वाचावेत, हा हेतू समजण्यासारखा आहे. ज्याच्या घरी दुसरा आधार नाही त्याच्यावर कठोर बोलणे सोपे नाही. परंतु त्या बाजारात ती कोंबडी स्वस्त म्हणून घेणारी दुसरी स्त्रीही तितकीच गरीब असते. एका घरचे नुकसान दहा घरी वाटले जाते, आणि सहा महिन्यांनी तेच नुकसान त्याच बाजारातून पहिल्या घरी परत येते. २००९ साली झालेल्या प्राण्यांतील संक्रामक व संसर्गजन्य रोग प्रतिबंध व नियंत्रण कायद्यान्वये अनुसूचित रोगाची शंका येताच ग्रामपंचायतीस अथवा गावच्या अधिकाऱ्यास कळविणे हे मालकाचे कर्तव्य ठरले आहे. कायद्याच्या धाकापेक्षा शेजारधर्माने ते पाळले जावे हे अधिक चांगले. मेलेली कोंबडी ओढ्यात वा उकिरड्यावर टाकू नये. खोल खड्ड्यात चुना घालून पुरावी. अनेक पक्षी एकाएकी मेले असतील, तर त्यांस हात न लावता प्रथम दवाखान्यास वर्दी द्यावी.

गावाने व खात्याने करावयाचे काम

मानमोडीच्या लसीची कुपी बहुधा शंभर वा अधिक मात्रांची असते. ती बर्फात ठेवून आणावी लागते व एकदा विरघळविल्यावर एकदोन तासांतच संपवावी लागते. दहा कोंबड्यांच्या मालकिणीने अशी कुपी एकटीने आणणे परवडणारे नाही. म्हणून लसीकरण घरोघरी होऊ शकत नाही, ते गावानेच ठरविले पाहिजे. महिला बचत गटाने वा ग्रामपंचायतीने वर्षातून ठराविक दिवस मुक्रर करून, आदल्या रात्री सर्वांनी कोंबड्या कोंडून ठेवून, पहाटे एकाच वेळी लस टोचून घ्यावी. शेजारी-शेजारी मिसळणाऱ्या कोंबड्यांच्या आक्षेपाचे हेच खरे उत्तर होय.

खात्याकडेही यात एक वाटा येतो. सुधारित पक्ष्यांचे वाटप झाले की काम संपले असे मानले जाऊ नये. पक्षी देण्यापूर्वी लाभार्थ्याच्या घरी वेगळे खुराडे तयार आहे काय, हे पाहिले जावे. पक्ष्यांबरोबर कोणत्या लसी कोणत्या तारखेस दिल्या याची चिठ्ठी द्यावी. आणि तीन आठवड्यांनी एकदा विचारपूस व्हावी. वाटलेल्या पक्ष्यांची संख्या अहवालात लिहिली जाते. तीन महिन्यांनंतर जगलेल्या पक्ष्यांची संख्याही तेथे लिहिली गेली, तर योजनेचे यश अधिक खरेपणाने मोजता येईल.

कोंबडीपालनात मोठे भांडवल नसलेल्या कुटुंबास मोठे उपाय सांगून उपयोग नाही. हा उपाय लहान आहे. चार बांबू, एक वेगळे भांडे, साबणाची एक वडी आणि एकवीस दिवसांचा धीर एवढ्याने तो साधतो. बाजारातून आलेली पाटी उंबऱ्यापाशी उतरविताना तिचे तोंड जुन्या खुराड्याकडे न करता वेगळ्या खुराड्याकडे करावे, इतकीच सवय लावून घ्यावयाची आहे. ती लागली, तर ‘हवा फिरली’ असे म्हणण्याचे प्रसंग पुष्कळ कमी होतील, आणि परसातील कोंबड्यांवर ज्या माउलीचा हातखर्च चालतो, तिच्या कनवटीस चार पैसे शिल्लक राहतील.